शिवेच्या आत

रस्त्यात आंब्याची फांदी आडवी टाकली होती. पानं अजून हिरवी होती, म्हणजे फार तर कालची. वाऱ्यानं पडली म्हणावं तर आसपास आंब्याचं झाड नव्हतं. मी फांदी बाजूला केली, सायकल पलीकडं नेली आणि फांदी पुन्हा होती तिथं ठेवून दिली. कुणाची तरी खूण असणार, आपण कशाला मोडा, एवढाच विचार.

वीस-एक वर्षं झाली याला. कराडात आमचं सायकलचं दुकान, वडलांच्या मागं मीच चालवायची. आमच्या सायकल मंडळानं त्या साली देवगडपासून समुद्राच्या कडेकडेनं गोव्यापर्यंत जायचं ठरवलं. फाल्गुन महिना. सकाळीच माझ्या मागच्या चाकाच्या तारा तुटल्या. मंडळी थांबतो म्हणत होती. मी म्हटलं, निघा तुम्ही, सहा जणांनी डोक्यावर उभं राहून माझं चाक सरळ व्हायचं नाही. जीभ अशी आमची. त्यामुळं भर दुपारी त्या उन्हात मी एकटीच.

कराडचं ऊन भाजतं, तिथलं ऊन उकडतं. अंगावरचा घाम वाळतच नाही, वर खाऱ्या वाऱ्यानं सगळं चिकट. जांभ्या दगडाचा सडा, ते उघडं पठार, पार केला, उतार लागला आणि खाली माडांत एक गाव दिसलं. गावाचं नाव सांगत नाही. त्या लोकांनी नको म्हणून सांगितलं होतं आणि माझ्या तोंडाला कुलूप असलं तर एवढ्या एकाच गोष्टीपुरतं आहे.

बाटल्या संपल्या होत्या. पहिल्या घरासमोर थांबले, हाक मारली. कुणी नाही. दुसऱ्या घराशीही कुणी नाही. कामाला गेली असतील म्हणून पुढं गेले. मग हळूहळू लक्षात यायला लागलं. कोंबडी दिसेना. कुत्रं भुंकेना. गोठे रिकामे, दावी तेवढी खुंट्यांना. वाळत टाकलेलं एक फडकं नाही. अंगणं झाडून सारवून चकचकीत, आणि प्रत्येक घराच्या दाराला नुसती बाहेरून कडी, कुलूप कुठंच नाही. ओट्यांवर घागरी, कळश्या पालथ्या घालून ठेवलेल्या. चोरी झालेलं गाव असं नसतं, रोगराई झालेलं पण असं नसतं. कुणीतरी अगदी सावकाश, नीट आवरून सगळं गावच घेऊन गेलं होतं.

मला घाम आला होता तो उन्हाचा, असं मी मलाच सांगत होते. सायकलची घंटी वाजवली. का वाजवली कुणास ठाऊक. त्या आवाजानं मलाच कसंतरी झालं, परत नाही वाजवली.

विहीर सापडली, पण रहाटाला दोर नव्हता. मी सामानाची दोरी सोडली, तिला जुन्या ट्यूबा जोडल्या, बाटलीत खाली जाईल एवढा दगड घातला आणि पाणी काढलं. पिऊन झालं, डोक्यावर ओतून झालं, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "गो."

विहिरीच्या मागच्या घराला खिडकी होती. गजांच्या आत एक म्हातारी. गजाला धरून ती कशीबशी उठून बसली होती. मी जवळ गेले तशी तिनं पहिल्यांदा पाणी नाही मागितलं. तिनं विचारलं, "खंयचां गो तू?"

कराडची म्हटलं. कराड कुठं, ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं, ह्या गावची नाहीस ना, इथं तुझं कुणी नाही ना, कधी आली नव्हतीस ना. ओठ फुटलेले, जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि बाई माझी सोयरीक तपासत बसली आहे. मला रागच आला. मी म्हटलं, आजी, मी कुणाची कोण नाही, आधी पाणी प्या. तेव्हा कुठं ती सरपटत दाराशी गेली, आतला आडणा, दाराची आडवी दांडी, काढला आणि मी बाहेरची कडी काढली.

घरात पाण्याचा थेंब नव्हता. चूल सारवलेली, राख काढून टाकलेली. मी घोट घोट पाणी दिलं, माझ्याकडची चिक्की भिजवून चारली. तिचं नाव सरसू. गाव कुठं गेलं विचारलं तर तिनं हात नुसता हवेत फिरवला. काल सकाळपासून ती तशीच होती. पायात जोर नव्हता, अंग तापलेलं, बोलता बोलता डोळे मिटत होते. माझ्या सायकलवर एवढं सामान, त्यात ती बसूही शकत नव्हती. मी म्हटलं, मी पुढं जाते, तुमच्या माणसांना घेऊन येते.

तशी तिनं माझं मनगट धरलं. एवढा जोर कुठनं आला तिला, देव जाणे. "कोणाक हाडू नको," म्हणाली. "माझी म्हणान कोण इली, तर घरात घेव नको."

कुणाला आणू नको म्हणजे काय, तापात बरळते आहे असं मी धरलं. पाण्याच्या दोन बाटल्या तिच्याजवळ ठेवल्या, सामान ओट्यावर उतरवलं आणि निघाले.

गावाच्या पलीकडं पुन्हा चढ. चढाच्या माथ्यावर पुन्हा तसलीच फांदी आडवी, आणि फांदीच्या पलीकडं सगळं गाव. झावळ्यांच्या झोपड्या, बांधलेली गुरं, डालग्याखाली कोंबड्या, दोरीला कुत्री, चुलींचा धूर, कुणाचं तरी तान्हं रडतंय. इतकं भरून आलं मला. कलकलाट एवढा गोड कधी लागला नव्हता.

मी सांगितलं, विहिरीमागच्या घरात सरसू आजी आहेत, चला लवकर. भांडी घासणारी बाई हात तसेच ठेवून बघत राहिली.

पांढऱ्या मिशांचा एक माणूस पुढं आला. त्याला सगळे तात्या म्हणत, गावचा मानकरी होता. त्यानं मला सावलीत बसवलं, गूळपाणी दिलं आणि समजावलं. ही गावपळण. काही वर्षांनी देव कौल देतो, मग गावानं तीन दिवस शिवेबाहेर राहायचं. माणूस, ढोर, कोंबडं, कुणी आत राहायचं नाही. ते दिवस दुसऱ्यांचे. कुणाचे, ते तो बोलला नाही. एक मात्र बोलला, की ते आपल्या माणसांची रूपं घेतात आणि बोलावतात. "गावात कोणी नाय, बाय. तुम्ही बघितलात ती आमची सरसू न्हय."

पाणी मी माझ्या हातानं पाजलंय, म्हटलं.

"पियाला मागतातच ती," तात्या म्हणाला. त्याच्या बोलण्यात माज नव्हता, तेच वाईट. पोराला विस्तवापासून लांब ठेवावं तसा तो सांगत होता.

सरसूचा थोरला मुलगा तिथंच जेवत बसला होता. अनंता. चाळिशीचा, उघडा, दांडगा माणूस. त्यानं मला एवढंच विचारलं, की तिच्या अंगावर काय होतं. हिरवं विटकं लुगडं, म्हटलं, आणि डाव्या हाताचं एक बोट वाकडं. त्याचा हात ताटातच थांबला. मग तो ताटाकडं बघतच म्हणाला, आई धाकट्याकडं आहे, दिगूकडं. गावाची निम्मी घरं खाडीपलीकडं उतरली आहेत. आईला बैलगाडीचा दणका सोसायचा नाही म्हणून दिगू तिला होडीतनं नेणार होता.

नेलं का, बघितलंस का तू, असं मी विचारलं. त्यानं बघितलं नव्हतं. पळण लागली की मागं वळून बघायचं नसतं. ह्याला वाटलं त्यानं नेलं. त्याला वाटलं असणार ह्यानं नेलं. माझ्यासारख्या परक्या बाईला जे लख्ख दिसत होतं ते त्या शंभर माणसांना दिसत नव्हतं, किंवा दिसत होतं आणि खरं धरायची भीती होती. खाडीपलीकडं विचारून या म्हटलं, तर ओहोटी. भरती आल्याशिवाय होडी चालायची नाही. भरती यायला दुपार टळणार. म्हातारी तोवर तगणार नाही, मी म्हटलं. मग मी बरंच काही म्हटलं. देवाला, तात्याला, अनंताला, एकालाही सोडलं नाही.

तात्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, तुम्ही परक्या, तुम्हाला बंधन नाही, तुम्ही जा आणि घेऊन या, आम्ही शिवेवर बघू. पण आमचा माणूस नाही. मग तो माझ्याशी नाही, अनंताशी बोलला. "आत गेलेलो माणूस भायर इलो, तर तो तोच म्हणान कोणी घेवचो, सांग?"

आत गेलेला बाहेर आला, तर तो तोच कशावरून, असं त्याचं म्हणणं. अनंता पाठ फिरवून बसला. त्याची दोन पोरं त्याच्या मांडीशी होती. त्याच्या बायकोनं मात्र न बोलता मला पेजेचा डबा दिला आणि आपलं एक लुगडं काढून दिलं, म्हातारीला सायकलवर बांधायला.

मी एकटीच उतार उतरले. आता गाव ठाऊक होतं, का ओस पडलं ते ठाऊक होतं, आणि मघापेक्षा जास्त भीती वाटत होती. कड्या लावलेल्या एकेका दारावरनं जाताना मला वाटे, आतनं आता कुणीतरी माझंच नाव घेणार. समजा घेतलं, तर? शालन म्हणून हाक आली आणि आवाज वडलांचा असला, तर मी थांबले नसते का? पायडल मारत राहिले. हिशोब करायचा नाही, असं ठरवून टाकलं.

म्हातारी होती. बाटल्या संपवल्या होत्या. पेज दिली, ती गिळली. जरा डोळ्यांत पाणी आलं, मला ओळखलं. मी लुगड्याची दोरी वळत होते, एवढ्यात अंगणातनं हाक आली.

"आये."

दारात अनंता उभा होता. अनवाणी. आडवाटेनं आला असणार, पण धापा टाकत नव्हता, आणि मघाशी पाठ फिरवून बसलेला माणूस इथं कसा, हे मला पटकन जुळेना. सांगायला लाज वाटते, मी त्याचे पाय बघितले. सरळ होते.

म्हातारीनं माझं मनगट पुन्हा धरलं. "दार लाय," म्हणाली.

आजी, तुमचा अनंता आहे, मी म्हटलं.

"अनंता हंय येवचो नाय," ती म्हणाली. "पळणीत तो येवचो नाय."

तेव्हा मला कळलं, माझी सोयरीक तिनं का तपासली होती ते. ओळखीचं कुणी दाराशी आलं असतं तर तिनं आडणा काढलाच नसता, तहानेनं मेली असती. मी कुणाचीच नव्हते म्हणून मला दार उघडलं होतं.

अनंता उंबऱ्याशी बसला. त्यानं तिला खुणा सांगितल्या. लहानपणी माडावरनं पडला होता ती जागा दाखवली. बाप गेला तेव्हा ती त्याला काय म्हणाली होती, ते सांगितलं. मला कळेल न कळेल असं मालवणीत तो सांगत होता, आणि जसजसा सांगत होता तसतशी ती भिंतीकडं सरकत होती.

"तेंका सगळां म्हायत आसता," ती मला म्हणाली. यांना सगळं ठाऊकच असतं. बरोबरच होतं तिचं. जो जितका खरा, तो तितका खोटा.

त्यानं तिला उचलायला हात पुढं केले आणि ती अशी ओरडली की त्यानं ते पुन्हा मागं घेतले. मग मीच तिला उचललं. चिमणीएवढं वजन. सायकलच्या सीटवर बसवलं, लुगड्यानं माझ्या खांद्याशी बांधलं आणि हँडल धरून ढकलायला लागले. अनंताला मी खुणेनंच मागं राहा म्हटलं.

गावातनं आम्ही निघालो. पुढं मी, सायकलवर म्हातारी, आणि मागं बऱ्याच अंतरावर तो. चाकाच्या आवाजाशिवाय आवाज नव्हता. म्हातारी माझ्या कानाशी पुटपुटत होती, वळून बघू नको गो, बोलू नको तेच्याशी.

चढ लागला. जांभ्याचा खडा चढ, तापलेला, आणि माझे पाय सकाळपासून सायकल मारून पिठासारखे झालेले. निम्म्यात आले आणि चाक मागं यायला लागलं. दात ओठ खाऊन धरलं, तरी आवरेना. आणि मग एकदम सायकल हलकी झाली.

मी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"कोण ढकलता गो?" म्हातारीनं विचारलं.

"कुणी नाही आजी. चढ कमी झालाय."

मागनं श्वास येत होता, आणि श्वासाच्या आत दुसरा एक आवाज होता. एवढा मोठा गडी, आवाज दाबायला बघत होता आणि दाबता येत नव्हता. म्हातारी कान देऊन ऐकत होती. मग माझ्या कानाशी म्हणाली, "रडता बघ. अगदी आमच्या अनंतासारखो."

मला त्या क्षणी वळून त्याच्याकडं बघायचं होतं आणि खरं सांगते, माझं धाडस झालं नाही. कारण तिचं खरं असलं तर, हे माझ्याही मनात येऊन गेलं.

माथ्यावर गाव वाट बघत होतं. भरती आली होती, होडी जाऊन आली होती. दिगूनं निरोप धाडला होता, आई माझ्याकडं आलीच नाही. बायकांनी फांदीवरनं हात पुढं करून म्हातारीला माझ्या खांद्यावरनं सोडवून घेतलं. म्हणजे ती मागंच राहिली होती, बाहेर जाऊन पुन्हा आत शिरलेली नव्हती, म्हणून तिच्याविषयी आता कुणाच्या मनात शंका नव्हती. तिला चटईवर निजवलं, तोंड पुसलं. सून तिचे पाय चेपत रडत होती. म्हातारी वाचणार होती, हे मला तिथंच कळलं.

अनंता फांदीशी आला. तात्यानं हात आडवा धरला.

मी तोंड उघडलं तसं तात्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झाले. त्याचेही डोळे भरलेले होते. पोर त्यानं लहानपणापासून बघितलेलं. पण मागं त्याच्या सगळं गाव उभं होतं, पोरंबाळं होती, आणि तो म्हणाला, ह्याच्या आईनं ओळखलं तर आपण ओळखलं. आई हो म्हणाली की फांदी मी स्वतः उचलतो. त्याला ती फांदी उचलायचीच होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

तो म्हातारीजवळ जाऊन वाकला, तुझाच मुलगा ना म्हणून विचारलं. "सरसू, थंय बघ. ह्यो तुझोच झील मां?"

म्हातारीनं मान वळवली. फांदीपलीकडं उन्हात तो उभा होता, अंगभर धूळ, हात जोडलेले. तिनं खूप वेळ बघितलं. इतका वेळ, की मला वाटलं आता म्हणणार.

"माझो झील शाणो आसा," ती म्हणाली. "तो आत जावचो नाय."

तात्या तसाच वाकलेला राहिला. अनंताच्या बायकोनं तोंडात पदर कोंबला. अनंतानं जोडलेले हात सोडले, चार पावलं मागं गेला आणि तिथल्या एका दगडावर आमच्याकडं तोंड करून बसला. देवाचा परतीचा कौल होईपर्यंत त्याला तिथंच बसायचं होतं, आणि पुढं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोनं ताट वाढून फांदीपलीकडं सरकवलं. त्यानं हात लावला नाही.

ऊन कलायला लागलं. म्हातारीला जरा तरतरी आली, उशाला हात देऊन ती उठून बसली, झोपड्यांवरनं एकेका माणसावर नजर फिरवली. मग सुनेला जवळ बोलावून म्हणाली, "अनंता खंय गो? उनाचो खंय गेलो? जेवूक हाक मार तेका."